सांगलीत घरी येऊन बाळाचं दूध लावून देणाऱ्या ताई : सविस्तर रिव्ह्यू, साडेचार स्टार

सर्व्हिस म्हणजे बाळंतिणीच्या घरी येऊन अंगावर पाजायला शिकवणं, हल्ली सगळे लॅक्टेशन कन्सल्टंट म्हणतात. ताई विश्रामबागच्या, एकट्याच काम करतात, बोर्ड नाही की जाहिरात नाही, एकीकडून दुसरीकडे नंबर जातो. त्यांनीच सांगितलंय की नाव-नंबर नेटवर टाकू नका म्हणून इथं देत नाहीये. पण रिव्ह्यू मोठा लिहिणार आहे, कारण नुसतं "छान सर्व्हिस" लिहून नव्या आईच्या हाताला काही लागत नाही, आणि ताईंनी जे सांगितलं ते माझ्या कामाच्या इतकं जवळचं आहे की मला त्यावर बोलायचंच आहे. मी मिरजेत एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीच्या टेबलावर होते, आता रिटायर झालेय, स्टूल कल्चर लावणं, म्हणजे शीतले जंतू वाढवून बघणं, हे माझं रोजचं काम.

मुलीची पहिली डिलिव्हरी, माहेरी आलेली, शेवटी सिझर करावं लागलं. मुलगा झाला, वजन पावणेतीन किलोच्या आसपास, अगदी व्यवस्थित. पण ज्या दवाखान्यात होतो तिथं पहिल्याच रात्री "दूध उतरलेलं नाही" म्हणून पावडरचं दूध सुरू झालं, आम्हाला विचारलंसुद्धा नाही. घरी आलो तोवर बाळाला बाटलीची सवय लागलेली, अंगावर घेतलं की तोंड फिरवायचं आणि किंचाळायचं, मुलगी टाके सांभाळत रडायची, जावईबापू पुण्याहून फोनवर डबा कुठला आणू विचारायचे, आणि विहीणबाई तासगावहून मधाची बाटली आणि गुटीचा बटवा घेऊन आल्या. सगळ्यांचं प्रेमच होतं त्यात. पण बाळ अंगावर कसं लावायचं हे ठामपणे दाखवणारं घरात कुणी नव्हतं, मलाही माझ्या बाळंतपणातलं थोडंच आठवत होतं.

ताई आल्या ते आधी हात धुवायला गेल्या, अंगठी-बांगड्या काढून. मग चक्क काहीच न करता बसून राहिल्या आणि मुलीला म्हणाल्या तू नेहमी पाजतेस तसं पाज, मी बघते. हे मला पहिल्यांदा आवडलं. त्यांनी बाळाच्या तोंडात बोट घालून टाळू बघितली, जीभ बघितली, लंगोट उघडून शी बघितली (ती त्यांनी बघितली म्हणून माझा त्यांच्यावर लगेच विश्वास बसला), मग मुलीच्या पाठीला दोन लोड लावून बाळ काखेखालून धरायला शिकवलं, म्हणजे टाक्यांवर वजन येत नाही. बाळाचं तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, नुसतं टोक द्यायचं नाही, खालचा काळा भाग जास्त आत गेला पाहिजे, हनुवटी टेकली पाहिजे. पाजायच्या आधी आणि नंतर त्यांच्या काट्यावर बाळाचं वजन केलं, म्हणजे किती दूध पोटात गेलं ते आकड्यात दिसतं, "पुरतंय का नाही" या वादाला जागाच उरत नाही. पावडर एकदम बंद करायला लावली नाही, अंगावरचं जसं वाढेल तसं वाटी-चमच्यानं द्यायचं टॉप फीड, म्हणजे वरचं दूध, कमी करत आणलं. बाटली मात्र त्याच दिवशी माळ्यावर.

आता मुद्दा. मुलीनं त्यांना थेट विचारलं, "ताई, डब्याच्या दुधानं त्याचं पोट भरतंय, झोपतोय, वजन वाढतंय, मग मी एवढं सोसून हे का करायचं?" मला वाटलं आता आईच्या मायेवर भाषण येणार. ते आलं नाही. त्या म्हणाल्या, "बाळाचं पोट भरतंय गं. पण त्याच्या आतड्यात जे जंतू आत्ता राहायला येतायत त्यांचं जेवण त्या डब्यात फार थोडं आहे, आणि त्याची प्रतिकारशक्ती त्या जंतूंच्या संगतीत घडणार आहे."

मग पुढं त्यांनी सांगितलं ते आणि मी नंतर स्वतः वाचून काढलं ते एकत्रच लिहिते. आईच्या दुधात लॅक्टोज आणि फॅटच्या खालोखाल तिसऱ्या नंबरावर जे घन पदार्थ असतात त्या एक प्रकारच्या साखरा आहेत, ह्युमन मिल्क ऑलिगोसॅकराइड, एचएमओ म्हणतात. दीडशेच्या वर प्रकार, एका लिटरला साधारण 5 ते 15 ग्रॅम. आणि बाळाला त्या पचतच नाहीत! आई अंगातली एवढी ताकद घालून असा पदार्थ बनवते जो बाळाच्या लहान आतड्यातून जवळजवळ तसाच पुढं जातो. तो मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथं बायफिडोबॅक्टेरियम नावाचे जंतू तो खातात, त्यातही इन्फॅन्टिस म्हणून जो प्रकार आहे त्याच्याकडं या साखरा फोडायची सगळी हत्यारं आहेत. गाईच्या दुधात या साखरा नावाला असतात, काही कंपन्या आता त्यातल्या मोजक्या पावडरमध्ये घालतात, पण दीडशेच्या पुढं मोजक्याच.

माझ्या टेबलावर आयुष्यभर स्टूल यायचं ते मॅकॉन्की अगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या प्लेटवर, लावायचं, 37 डिग्रीला इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं, सकाळी जंतूंच्या कॉलनी, म्हणजे ठिपके, गुलाबी का पांढरे बघायचे, साल्मोनेला, शिगेला असले आजाराचे जंतू आहेत का. आम्ही आजार शोधायचो, आमचं कामच ते. बायफिडोबॅक्टेरियम हवेत वाढतच नाहीत, त्यांना ऑक्सिजन चालत नाही, त्यामुळं आमच्या साध्या प्लेटवर ते कधी दिसणार नाहीत. पण 1899-1900 च्या सुमाराला पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंरी तिसिए यांनी अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमधूनच ते पहिल्यांदा वेगळे काढले होते, टोकाला फाटा फुटलेले. म्हणजे सव्वाशे वर्षं होत आली ही गोष्ट माहीत होऊन, आणि अजून बाळंतिणीच्या खोलीपर्यंत ती पोचलेली नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं.

हे जंतू त्या साखरा खाऊन अॅसिटेट आणि लॅक्टेट तयार करतात, म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाची शी आंबटसर वासाची, पिवळी, पातळ असते. त्यात हे जंतू भरपूर असतील तर पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) 5 च्या आसपास उतरतो. त्या आंबटपणात ई. कोलाय, क्लेब्सिएला यांना फारसं फोफावता येत नाही. विहीणबाईंना शी बघून काळजी वाटली होती की पोट बिघडलंय. ताईंनी तोच लंगोट दाखवून सांगितलं की अशीच हवी. गुटी द्यायचं कारण तिथंच संपलं.

पण खरी गंमत पुढं आहे, प्रतिकारशक्तीची. आपल्या शरीरातल्या संरक्षण करणाऱ्या पेशींचा एक मोठा तळ आतड्याच्या भिंतीत आहे. कारण साधं आहे, बाहेरच्या जगाशी सगळ्यात जास्त संबंध तिथं येतो, अन्न तिथं येतं, जंतू तिथं राहतात. जन्मतः ही व्यवस्था कच्ची असते. तिला शिकायचं असतं की कुणाला मारायचं आणि कुणाला राहू द्यायचं, आणि यातलं दुसरं जास्त अवघड आहे. आमच्या सांगलीकडं तालमीत नवीन पोरगं येतं तेव्हा वस्ताद त्याला आधी जोड देतात, जोडीबरोबर रोज झटून झटून त्याला जोर किती लावायचा आणि कुठं सोडायचं हे कळतं. जोडच मिळाली नाही तर अंगात ताकद असून पोरगं एकतर हलत नाही नाहीतर समोरच्याचा हात मोडतं. आतड्यातले जंतू म्हणजे ती जोड.

हे वरवरचं बोलणं नाही, प्रयोग झालेत. लॅबमध्ये असे उंदीर वाढवतात की जन्मापासून अंगावर-आत एकही जंतू नाही, जर्म-फ्री म्हणतात. बाहेरून उंदीर धडधाकट दिसतो, पण त्याच्या आतड्यातल्या पायर्स पॅचेस म्हणून ज्या गाठी असतात त्या लहान राहिलेल्या, आतड्याची राखण करणाऱ्या आयजीए अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी अगदी थोड्या. नुसत्या जंतूंच्या गैरहजेरीत एवढा फरक. जंतू आणून सोडले की हे बरंचसं भरून येतं. पण सगळं भरून येत नाही, आणि हीच गोष्ट मुलीला सगळ्यात लागली. 1997 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं की जर्म-फ्री उंदरांना खाल्लेला पदार्थ "आपला" म्हणून स्वीकारता येत नाही, त्यांना बायफिडोबॅक्टेरियम इन्फॅन्टिस दिला की येतं, पण पिल्लू असताना दिला तरच, मोठं झाल्यावर देऊन उपयोग झाला नाही. 2012 मध्ये सायन्स मासिकात आलेल्या दुसऱ्या कामातही तसंच, जर्म-फ्री उंदरांच्या फुफ्फुसात आणि मोठ्या आतड्यात एका जातीच्या पेशी जास्त साचतात, दमा आणि आतड्याची सूज दोन्हीचा धोका वाढतो, आणि जंतू लहानपणी मिळाले तर टळतं, मोठेपणी मिळून टळत नाही. म्हणजे एक मुदत आहे. उंदरातलं जसंच्या तसं माणसाला लावायचं नसतं हे मान्य, ताईंनी पण ते आपणहून सांगितलं.

मग माणसाचं काय? 2021 मध्ये सेल मासिकात स्वीडनचे पेटर ब्रोडिन आणि त्यांच्या सोबत्यांचं काम आलं. ज्या बाळांच्या आतड्यात बायफिडोबॅक्टेरियम कमी आणि आईच्या दुधातल्या साखरा फोडणारे जीन्स नाहीत, त्यांच्या रक्तात पहिल्या काही महिन्यांतच सुजेच्या, भडक्याच्या खुणा जास्त दिसल्या. आणि दुसरीकडं अंगावर पिणाऱ्या बाळांना इन्फॅन्टिस दिला तर अॅलर्जीकडं आणि सुजेकडं झुकणारा प्रतिसाद शांत झाला, त्यातला एक दुवाही सापडला, हे जंतू इंडोल लॅक्टिक अॅसिड नावाचा पदार्थ सोडतात आणि त्यानं त्या भडक पेशींना लगाम बसतो. शिवाय टी-रेग म्हणून पेशी आहेत ज्यांचं कामच इतरांना आवरायचं, त्या मोठ्या आतड्यात वाढवायला क्लॉस्ट्रिडिया गटातले जंतू आणि त्यांनी बनवलेलं ब्युटिरेट नावाचं आम्ल मदत करतं, हे 2011 आणि 2013 च्या उंदरांवरच्या कामातून पुढं आलं. आमच्या लॅबमध्ये क्लॉस्ट्रिडियम म्हटलं की धनुर्वात नाहीतर गॅस गँगरीन आठवायचं. एकाच घराण्यात असे रखवालदार पण आहेत हे वाचून मी मुलीला रात्री उठवून सांगितलं.

चिकाच्या दुधाबद्दल पण ताई बोलल्या, ते पहिलं पिवळं घट्ट दूध. त्यात आयजीए ठासून भरलेलं असतं. बाळ स्वतःचं आयजीए पुरेसं बनवायला काही आठवडे-महिने घेतं, तोवर आईचं आयजीए आतड्यात जंतूंवर बसून कुणी भिंतीजवळ यायचं, कुणी नाही हे सांभाळतं. आणि त्या आईच्या अँटीबॉडी आईनं जे जंतू भोगलेत त्यांच्याविरुद्धच्या असतात, म्हणजे याच घरातल्या, याच गावातल्या. आमच्या बाळाला पहिल्या रात्री ते मिळालं नाही याची मला अजून हळहळ आहे, आणि ज्या कुणाची डिलिव्हरी जवळ आलीय त्यांनी आधीच दवाखान्यात सांगून ठेवा की पहिल्या तासात बाळ अंगावर लावायचंय, सिझर असलं तरी लावता येतं, आईच्या डोक्याच्या बाजूनं बाळ आणून. डब्याची शिफारस कुणी उगीच करत असेल तर आपल्याकडं 1992 चा कायदा आहे, दवाखान्यातून पावडरच्या दुधाची जाहिरात, फुकट सँपल काही चालत नाही.

सिझरबद्दल ताई ज्या पद्धतीनं बोलल्या त्यासाठी मी त्यांना जन्मभर दुवा देईन. मुलीनं मोबाईलवर वाचलेलं की सिझरच्या बाळाला "चांगले जंतू" मिळत नाहीत आणि ती आतून खचलेली. ताईंनी लपवलं नाही. म्हणाल्या हो, फरक असतो, इंग्लंडमध्ये जवळपास 600 बाळांच्या शीचा अभ्यास 2019 मध्ये छापून आला, सिझरच्या बाळांत बॅक्टेरॉइड्स नावाचे आतड्यातले नेहमीचे जंतू कमी आणि दवाखान्यात सापडणारे जंतू जास्त दिसले. पण हा फरक पहिल्या वर्षात बराचसा कमी होत जातो, आणि पुढच्या प्रत्येक दिवसावर तुझा हात आहे, दूध, अंगाला अंग लावून झोपणं, गरज नसताना अँटिबायोटिक न देणं. तुझं सिझर बाळाच्या जिवासाठी झालं, ते योग्यच झालं. एवढंच. देशात 2019-21 च्या सर्वेक्षणात शंभरात 21-22 बाळंतपणं सिझरनं झालेली आहेत, म्हणजे अशा किती मुली घरोघरी हा अपराध मनात घेऊन बसल्या असतील, त्यांना कुणीतरी असं बसून सांगायला पाहिजे.

प्रोबायोटिक ड्रॉप्स, म्हणजे जिवंत "चांगले जंतू" असलेले थेंब. हा विषय निघणारच होता, जावईबापूंनी ऑनलाइन कार्टमध्ये टाकून पण ठेवले होते. ताईंना त्यात कमिशन घेता आलं असतं. त्यांनी सांगितलं की यात दोन्ही बाजू आहेत. ओडिशातल्या खेड्यांमध्ये साडेचार हजारांवर नवजात बाळांवर अभ्यास झाला, 2017 साली नेचर मासिकात आला, लॅक्टोबॅसिलस प्लांटारम आणि त्याचं खाद्य असं मिळून फक्त सात दिवस तोंडावाटे दिलं, तर सेप्सिस (जंतुसंसर्ग अंगभर पसरून होणारा गंभीर आजार) किंवा मृत्यू 9 टक्क्यांवरून 5.4 वर आले. हे आपल्या देशातलं काम आहे आणि फार मोठं काम आहे, मला वाचताना अंगावर काटा आला, कारण मी नवजात बाळांची ब्लड कल्चर पॉझिटिव्ह येताना बघितलीत आणि रिपोर्ट खाली पाठवताना हात जड व्हायचा. पण ते ठराविक वाणाचे जंतू होते, दोन किलोच्या वरची, जवळजवळ पूर्ण दिवसांची, तब्येतीनं बरी बाळं होती. कुठलाही ड्रॉप उचलून तोच परिणाम मिळेल असं नाही, वाण बदलला की गोष्ट बदलली. आणि 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, इशारा दिला होता की वेळेआधी जन्मलेल्या बाळांना प्रोबायोटिक देताना त्याच जंतूचं रक्तात इन्फेक्शन होऊ शकतं, एक बाळ दगावलं होतं. म्हणून बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं तरच. कार्ट रिकामी केली.

मधाचं तर त्यांनी विहीणबाईंना इतकं नीट समजावलं की मी बघतच राहिले. मधात कधी कधी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे स्पोअर्स, म्हणजे बीजाणू, असतात. आपण मोठ्यांनी खाल्ले तर काही होत नाही कारण आपल्या आतड्यात आधीच एवढी वस्ती आहे की त्यांना रुजायला जागा मिळत नाही. बाळाचं आतडं अजून मोकळं असतं, तिथं ते रुजतात, विष सोडतात, बाळ लुळं पडू शकतं. म्हणून एक वर्षापर्यंत मध नाही, चाटण म्हणून पण नाही, गुटी उगाळून त्यात घालून पण नाही. विहीणबाई म्हणाल्या, "आम्ही चार पोरं मधावरच वाढवली." ताई म्हणाल्या, "वाढवलीत काकू, आणि चांगली वाढवलीत, पण आता कळलंय तर या नातवाला वर्षभर थांबवूया." विहीणबाईंनी मधाची बाटली मुलीच्या काढ्यासाठी ठेवली. त्यानंतर त्यांनीच पाळण्याजवळ येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मध चाटवायचं नाही म्हणून बजावलं.

पुढचं जेवण, म्हणजे सहा महिन्यांनंतरचं, त्याबद्दल त्यांनी एक शेवटची भेट ठेवलीय. आत्ताच फोनवर थोडं सांगितलं ते मला फार आवडलं. जंतूंची वस्ती साधारण तीन वर्षांपर्यंत मोठ्यांसारखी होत जाते, म्हणून दूध सुटायला लागलं की ताटात काय पडतं हे महत्त्वाचं. ढाक्याला मीरपूर वस्तीत 12 ते 18 महिन्यांच्या कुपोषित मुलांना तीन महिने हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन आणि कच्चं केळ यांचं मिश्रण दिलं, तेही वाढीला मदत करणारे जंतू बघून ठरवलेलं. नेहमीच्या तयार पूरक आहारापेक्षा त्यात कॅलरी कमी होत्या तरी मुलांचं वजन जास्त चांगलं वाढलं. 2021 चं काम आहे, अमेरिकेतले जेफ्री गॉर्डन आणि ढाक्याचे तहमीद अहमद यांचं. हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन, केळ! आपल्या जिल्ह्यात यातलं काय पिकत नाही सांगा. डब्यातलं सिरियल घ्यायला दुकानात जायची गरज काय.

आता अर्धा स्टार का कापला ते. एक, ताई बोलतात भराभर आणि मायक्रोबायोम (जंतूंची वस्ती), डिस्बायोसिस (ती वस्ती बिघडणं) असले शब्द मधेच टाकतात, मला कळत होतं पण विहीणबाईंना मी नंतर परत सांगायचे. दोन, व्हॉट्सअॅपवर पाठवतात ती पीडीएफ इंग्रजीत आहे, सांगलीत काम करता तर मराठीत करा, मी त्यांना भाषांतर करून देते म्हटलंय आणि खरंच करणार आहे. तीन, एकदा यायची वेळ ऐनवेळी पुढं ढकलली, दुसरीकडं एक बाई तापानं फणफणली होती, छातीत गाठ झाली होती, कारण पटलं तरी आमचा तो दिवस फार वाईट गेला. एकट्या माणसाची सर्व्हिस आहे, हे होणार. आणि नोकरीवर परत जाणाऱ्या मुलींसाठी, दूध काढून कसं ठेवायचं, किती तास टिकतं, ऑफिसात कुठं बसून काढायचं, यावर त्यांनी अजून वेळ द्यायला हवा होता, आमच्या मुलीला ते सगळ्यात जास्त लागणार आहे.

फी पहिल्या भेटीची 900, नंतरच्या 600, यूपीआय चालतं. महाग वाटेल, पण पावडरचा डबा दर आठवड्याला किती जातो ते बघा, आणि काही विकत घ्यायला लावत नाहीत, पंप सुद्धा नाही, भाड्यानं कुठं मिळतो ते सांगतात. ज्यांच्याकडं खरंच नाही त्यांच्याकडून त्या पैसे घेत नाहीत हे मला दुसऱ्या एका बाळंतिणीकडून कळलं, त्या स्वतः बोलल्या नाहीत.

एक गोष्ट अजून लिहायलाच पाहिजे. ज्या आईला काही केल्या दूध येत नाही, किंवा पाजताना चालत नाहीत अशी औषधं चालू आहेत, किंवा बाळ आईविना आहे, तिथं पावडरचं दूध हे बाळाचा जीव आहे आणि ते द्यायचंच, ताई याबाबत एकदम स्पष्ट आहेत, कुणालाही कमी लेखत नाहीत. मिल्क बँकेचं पण त्यांनीच सांगितलं, 1989 मध्ये मुंबईत सायन हॉस्पिटलला डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आपल्या देशातली पहिली सुरू केली, एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) बाळांना दुसऱ्या आयांचं दूध तपासून, पाश्चराइझ करून देतात. आपल्या भागात कुणाचं बाळ काचेत असेल तर डॉक्टरांना जवळ मिल्क बँक कुठं आहे हे जरूर विचारा.

आमचं बाळ आता पूर्ण अंगावर आहे, डबा अर्धा तसाच पडलाय. मधे सर्दी झाली तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी अँटिबायोटिक लिहिलं नाही, "व्हायरल आहे, पाजत राहा" म्हणाले, आणि मला हायसं वाटलं, कारण लागलं तर द्यायचंच पण न लागता दिलं तर ही सगळी नवी वस्ती उगीच उठते.

ज्यांना बोलवायचंय त्यांच्यासाठी : सांगली, मिरज, कुपवाड, माधवनगर, आयर्विन पुलापलीकडं सांगलीवाडीपर्यंत येतात, तासगाव-इस्लामपूरला व्हिडिओ कॉल करतात पण पहिली भेट समोरासमोरच घ्या, लॅच, म्हणजे बाळाची पकड, फोनवर कळत नाही. शक्यतो आठव्या-नवव्या महिन्यातच एकदा बोलावून ठेवा, डिलिव्हरीची वाट बघू नका, आणि त्या भेटीला सासू आणि आई दोघींना शेजारी बसवा. नंबर हवा असेल तर विश्रामबागेतल्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञांच्या रिसेप्शनवर "घरी येऊन दूध लावून देणाऱ्या ताई" एवढं विचारा, बहुतेकांकडं आहे. दुपारी दोन ते चार फोन उचलत नाहीत, मेसेज टाका, संध्याकाळी स्वतः करतात.